या वारशाला हक्कसोड नाही

खाली मान घालून उभा राहू नकोस, माझ्याकडे बघ. काल दवाखान्यात डॉक्टरांनी सरळ विचारलं, "घरात आधी कुणाला कॅन्सर झालाय का?" आणि तू फटकन सांगून मोकळा झालास, "नाही, आमच्यात कुणालाच नाही." मी शेजारच्या बाकावरच बसले होते. त्यांनी केसपेपरवर 'नाही' लिहिलं. समोर तुझी बहीण, छत्तीस वर्षांची पोर, छातीत गाठ घेऊन बसलेली. तिनं तुझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

तुझी आई कशानं गेली रे? साऱ्या कामथडीला तुम्ही सांगितलंत, 'गाठीचा त्रास होता.' ती गाठ स्तनाच्या कॅन्सरची होती. चाळिशी नुकती ओलांडली होती तिनं. आणि वेल्ह्याची मावशी? 'पोटात पाणी झालं.' ते पाणी अंडाशयाच्या कॅन्सरचं होतं. तिचे रिपोर्ट मीच तुम्हाला वाचून दाखवले होते. दोघी सख्ख्या बहिणी, आणि तू म्हणतोस कुणालाच नाही!

हायवेकडच्या गुंठ्याला भाव आल्यापासून चार पिढ्यांचे फेरफार तुला तोंडपाठ झालेत. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेस, बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलंस. या दुसऱ्या वारशाला हक्कसोड चालत नाही. सदोष जनुक आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं. ज्याच्यात ते असतं त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे प्रश्न एकट्या बहिणीचा नाही, तुझाही आहे आणि तुझ्या दोन्ही पोरींचाही.

आता नीट ऐक, नाहीतर अर्धवट सांगत फिरशील. कॅन्सरच्या शंभर रुग्णांत वारशानं आलेला जनुकदोष साधारण पाच ते दहा जणांतच सापडतो. घरात एकाला झाला म्हणजे सगळ्यांना होणार, असं अजिबात नाही. पण स्तनाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत होणं, त्याच रक्ताच्या नात्यात अंडाशयाचाही असणं, या धोक्याच्या खुणा आहेत. पॉल ब्रोका या फ्रेंच सर्जननं १८६६ साली बायकोच्या माहेरच्या पिढ्यांमधला कॅन्सर नोंदवून ठेवला होता. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये अशा पिढीजात स्तनाच्या कॅन्सरच्या जनुकाचा माग सतराव्या गुणसूत्रापर्यंत काढला. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ ही जनुकं हाती लागली. यांतलं एखादं सदोष असेल तर ऐंशी वर्षांपर्यंत शंभरातल्या सुमारे सत्तर बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो. बीआरसीए-१ असेल तर चाळीसेक जणींना अंडाशयाचाही. पुरुषही सुटत नाहीत. बीआरसीए-२ मुळे त्यांना प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर होतो.

"बाई, पोरींची लग्नं जमायची नाहीत," म्हणालास. लाज वाटत नाही? सोयरीक जमावी म्हणून पोरीचा जीव पणाला लावायचा? डॉक्टरांना खरं कळलं तर ज्यांना धोका आहे त्यांची तपासणी लवकर सुरू होते. एमआरआय आणि मॅमोग्राफी पंचविशी-तिशीपासून करतात, मूलबाळ झाल्यावर अंडाशय काढून टाकण्याचा सल्लाही देतात. त्यानं कॅन्सर टळू शकतो किंवा लवकर सापडू शकतो. तू 'नाही' म्हणून हे सगळे दरवाजे स्वतःच्या हातानं लावून घेतलेस.

आणि घरी बायकोलाही सांग. 'आमच्या माहेरी कुणाला नव्हता, मला कुठला होतोय' असं म्हणत ती रोज सकाळी मिश्री लावते, आणि त्याच डबीत तुझ्या थोरलीचंही बोट जातं. तोंडाच्या कॅन्सरला जनुकांपेक्षा तंबाखूच जास्त कारणीभूत असते. ही सवय तुम्हीच पोरींच्या हातात देताय. ती डबी आजच उकिरड्यावर गेली पाहिजे.

'नशिबात असेल ते होईल' हे माझ्यापुढे बोलायचं नाही. सातवीपर्यंत शिकवलंय तुला. संध्याकाळी मामाकडे जा. आईकडचे आणि वडिलांकडचे, तीन पिढ्यांतले सगळे लिहून काढ: कुणाला, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. मेलेल्यांचे जुने कागद पेटीतून काढ. सकाळी आधी डॉक्टरांकडे जायचं, तो 'नाही' खोडून घ्यायचा. बहिणीच्या गाठीची सुईची तपासणी एक दिवसही लांबवायची नाही. मग डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये जा. तिथं कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, समुपदेशक आधी समजावून सांगतात आणि मगच रक्त घेतात. बहिणीत दोष सापडला, तर तुझी, मावशीच्या लेकींची आणि मोठ्या झाल्यावर तुझ्या पोरींची चाचणी करता येईल. तिच्यात नाही सापडला, तर पुढं काय करायचं तेही तेच सांगतील.

बहिणीची सही जमिनीसाठी घेताना तुला वेळ होता. आता तिच्या जिवासाठी वेळ काढ. उद्या दहाच्या आत कागद माझ्या हातात दिसला पाहिजे. नसेल, तर मी स्वतः डॉक्टरांपुढे उभी राहून सगळं सांगणार आहे. जा, निघ.