वगळलेलं पान

सोलापूरच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या पलीकडे, एका घराण्याची वडिलोपार्जित काळी जमीन आहे. घरातलं कुणी मात्र आता गावात राहत नाही. थोरला मुलगा सोलापुरात नोकरीला, धाकटा पुण्यात, आणि म्हातारे आप्पा थोरल्याकडे जुळे सोलापुरात. वर्षातून एकदा सगळं घराणं शेतात जमायचं, ते वेळ अमावस्येला. कडब्याची कोप उभारायची, आत पाच पांडव मांडायचे, उंडे, भज्जी आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. या घराची आणखी एक रीत होती. एक उंडा आणि वाटीभर भज्जी बांधाबाहेर, गाडीवाटेच्या कडेला ठेवायची. ते काम थोरल्या सुनेकडे असे. का ठेवायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. “आपल्यात असतंय तसं,” एवढंच उत्तर मिळायचं.

थोरल्या सुनेला मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. शेवटी नवराबायकोनं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि आप्पांपुढे विषय काढला. आप्पा मायाळू होते. सुनेला ते कधी उणा शब्द बोलले नव्हते. पण या गोष्टीला त्यांनी साफ नकार दिला आणि भिंतीकडे बोट केलं. पुण्यातल्या नातवानं सगळ्या भाऊबंदांना विचारून घराण्याची वंशावळ संगणकावर तयार केली होती. तिची चौकट करून आप्पांनी बैठकीत लावली होती.

“सात पिढ्या हायत बघा. बापाचा लेक, लेकाचा लेक. कुठं सांधा न्हाई. ह्या वयात मी माझ्या हातानं सांधा लावू?”

सून काही बोलली नाही.

त्या वर्षी ज्वारीची सुगी उरकली आणि हेळवी आला. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात हेळव्याला ओळखत नाही असं जुनं घर विरळा. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आली. पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत गावात यायची. मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, कोण कुठून आलं, कुणाला किती मुलं झाली, हे दारात बसून वाचून दाखवायचं, नवी नावं वहीत चढवायची, धान्य-कपडा घेऊन पुढच्या गावाला जायचं, असा त्यांचा शिरस्ता. हा हेळवी मोटारसायकलवरून आला होता. गावातल्या घराला कुलूप दिसलं म्हणून पत्ता विचारत शहरात पोचला होता.

सुटीला आलेला नातू म्हणाला, “मामा, आता वही कशाला? सगळं इथं आहे.” त्यानं चौकटीतली नावं वाचून दाखवली. मिनिटभरात सात पिढ्या संपल्या.

हेळव्यानं कौतुकानं ऐकलं. “नावं बरोबर हायत, बाळा. आता माझी वही ऐक. सगळ्यांना ऐकू दे.”

नातवानं फोनवर पुण्याला, बंगळुरूला, अक्कलकोटच्या आत्याआजीला जोडून घेतलं. हेळव्यानं कन्नड अक्षरांची वही उघडली आणि अणदूरच्या खंडोबाचं नाव घेऊन सुरुवात केली. जिथं चौकटीत एक नाव होतं तिथं वहीत एक माणूस होता. कुणी बैलांच्या पैजा जिंकलेला, कुणी सावकाराच्या दारात जमीन घालवून ती पुन्हा सोडवलेला, कुणी सोलापुरात जुनी मिल सुरू झाल्यावर शेत सोडून साच्यावर गेलेला आणि भोंग्याला कंटाळून परत आलेला. संध्याकाळ झाली तरी वाचन चाललं होतं.

हेळवी एका पानाशी आला आणि त्यानं दोन पानं एकदम उलटली. ते थोरल्या सुनेनं पाहिलं. तिनं विचारलं, “मामा, एक विचारू? वेळ अमावस्येला आम्ही वाटेवर उंडा ठेवतो. तो कुणाचा?”

हेळव्यानं आप्पांकडे पाहिलं, मग वहीकडे. “ह्याचंच पान मी उलटलं, पोरी. आप्पांच्या वडिलांनी माझ्या बापाला सांगितलं होतं, हे वाचू नको म्हणून. बापानं वाचायचं सोडलं, वहीतून काढलं न्हाई. आमच्यात सांगणं असं हाय, विचारल्याबिगर वाचू नये आणि विचारल्यावर दडवू नये.”

त्यानं पान मागे घेतलं.

१८७६ साली दख्खनवर पाऊस फिरकला नाही. सोलापूर जिल्ह्यात चारा संपला, मग धान्य संपलं. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला, तलावाची माती वाहायला निघाली. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपलच्या सल्ल्यानं सरकारनं मजुरी कमी केली. दिवसभर खपणाऱ्या गड्याला अर्धा किलोही न भरणारं एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. त्या काळच्या सरकारी अहवालांत मजुरांचे आकडे आहेत, खर्चाचे आकडे आहेत. हेळव्याच्या वहीत त्या हजारोंतली एक बाई होती.

या घराची सून नवऱ्याबरोबर आष्टीच्या तलावाच्या कामावर गेली होती. तिथं तिचं तान्हं गेलं. काम सुटल्यावर दोघं पायी गावाकडे परतत होती. वाटेच्या कडेला एक पाच वर्षांचं पोर बसलेलं. आईबाप कोण, गाव कोणतं, पोराला सांगता येईना. बाईच्या पदरात घरी नेण्यापुरती एक भाकरी होती. तिनं अर्धी पोराला दिली आणि त्याला कडेवर घेतलं. नवरा म्हणाला, आपल्यालाच नाही. ती म्हणाली, नाही ते तिघांत वाटू. घरी पोचल्यावर सासऱ्यानं चार माणसं बोलावली, पोराच्या कपाळाला भंडारा लावला आणि हेळव्याच्या वहीत लेक म्हणून नाव घातलं.

“ते पोर म्हणजे तुमचे पणजोबा, आप्पा,” हेळवी म्हणाला. “आणि पुढं जमीन त्यांनीच राखली. वाटेवरचा उंडाही त्यांनीच सुरू केला. वाटेवर कुणी उपाशी बसलेलं असेल म्हणून.”

आप्पा ताडकन उठले. “माझ्या घरात बसून माझं रक्त काढतोस?” ते आत निघून गेले.

तेवढ्यात फोनवरून अक्कलकोटच्या आत्याआजीचा आवाज आला. “आप्पा, थांब. मला लहानपणी आज्जी सांगायची, आपल्या घरात पंगत बसली की आधी दारातलं पोर जेवायचं, मग घरातलं. मी म्हणायचे, असं का? ती म्हणायची, तुझ्या आज्ज्याच्या बापाची शपथ हाय.” बंगळुरूचा पुतण्या म्हणाला, “बाबा ताटात अर्धी भाकरी बाजूला काढून मगच घास घ्यायचे. आम्हाला वाटायचं, सवय असेल.” एकेक जण बोलू लागला. ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं पुढे ठेवलं. एकाच गोधडीचे तुकडे वेगवेगळ्या घरांत गेले होते, ते त्या रात्री शेजारी शेजारी आले. दाराआड उभे राहून आप्पा सगळं ऐकत होते.

सकाळी त्यांनी हेळव्याला चहा दिला. “ते पान पुन्हा वाच,” म्हणाले. ऐकून झाल्यावर विचारलं, “त्या बाईचं नाव लिहिलंय का?” नाव होतं. आप्पांनी नातवाला चौकट उतरवायला सांगितली. “पहिलं तिचं नाव घाल. अन् पणजोबांच्या नावाखाली लिही, वाटेवरून आणलेले. दडवू नको. माझ्या बापाला लाज वाटली, मला वाटत न्हाई. सांधा लागला म्हणून तर हे घर उभं हाय.”

मग ते सुनेकडे वळले. “पोरी, तो सरकारी अर्ज असतो म्हणालीस ना, तो भर. माझी सही लागत असली तर सांग.”

याच जिल्ह्यात, पंढरपुरात, त्या दुष्काळाच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू केला होता. वाटेवर कुणी भेटलं नाही, अशा कितीतरी मुलांना त्या दारानं जगवलं. आता दत्तकाची नोंद ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर होते आणि वाट बरीच पाहावी लागते. या घरानंही पाहिली. मुलगी आली तेव्हा हेळव्याला मुद्दाम निरोप गेला. आप्पांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि तिचं नाव आपल्या देखत वहीत घालून घेतलं.

तात्पर्य असं : वंशावळीतली नावं आपण कुणाच्या पोटचे ते सांगतात, पण आपण कुणाच्या उपकारावर उभे आहोत ते गोष्टीतून कळतं. ज्या गोष्टीची लाज वाटून घर ती लपवतं, पुष्कळदा तीच त्या घराची खरी कमाई असते. ती एकट्याकडे पुरी कधीच नसते. थोडी वहीत असते, थोडी आत्याच्या आठवणीत, थोडी कारण विसरलेल्या रीतीत. म्हणून भाऊबंदांना नुसती नावं पाठवून थांबू नये, गोष्ट सांगावी आणि त्यांची ऐकावी. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती आहेत तोवर विचारावं, कारण बरीचशी पानं केवळ कुणी विचारलं नाही म्हणून मिटून राहिलेली असतात.