दोन आकडे शेजारी ठेवून वाच

वैभववाडी, जि. सिंधुदुर्ग

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जमिनींचा रिपोर्ट रेंगाळतो, टीमने सुचवलेले सगळे इंडेक्स घालून झाले, फरक नाही, आता मोठा सर्व्हर मागायचं चाललंय. बाय, एवढ्यात मागू नको. वेळ नेमका कुठे जातो, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही.

ते डेटाबेस स्वतः सांगतो. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ लिहिलंस की प्लॅनच्या प्रत्येक पायरीपुढे दोन आकडे येतात: किती ओळी येतील हा प्लॅनरचा अंदाज, आणि प्रत्यक्षात किती आल्या. बरीच मुलं एकूण मिलिसेकंद बघून मोकळी होतात. तू हे दोन आकडे शेजारी ठेवून आतल्या पायरीपासून बाहेर वाचत ये; पहिल्यांदा फारकत दिसेल तिथे थांब. (एक सांभाळ: यात क्वेरी खरोखर चालते. अपडेट किंवा डिलीट असेल तर आधी ट्रान्झॅक्शन उघड, शेवटी रोलबॅक कर.)

आपल्याच तालुक्याचं उदाहरण घे. राज्यातल्या सातबाऱ्यांचं एक कोटी ओळींचं टेबल आहे असं समज, आणि हिशोबापुरते सगळे जिल्हे-तालुके सारखे धर. जिल्हे ३६, तालुके ३५८. तू मागितलंस: जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका वैभववाडी, सोबत खातेदारांची नावं. वैभववाडी म्हटलं की सिंधुदुर्ग आलाच, म्हणजे उत्तर सुमारे २८ हजार ओळी. प्लॅनरला हे ठाऊक नाही. तो दोन्ही अटी स्वतंत्र धरतो, ३५८ ने भागून पुन्हा ३६ ने भागतो आणि ७७६ ओळींची अपेक्षा ठेवतो. एवढ्याशा ओळींना नेस्टेड लूप स्वस्त वाटतो, म्हणून तोच निवडतो. मग खातेदारांच्या टेबलात २८ हजार वेळा जातो. त्यात कोकणातला सातबारा! एकेका हिश्श्यावर अख्ख्या भावकीची नावं. प्लॅनर चालतो सरासरीवर, त्यामुळे इथेही तो कमीच धरतो, आणि पुढच्या प्रत्येक जॉइनला चूक फुगत जाते.

दोन अटी स्वतंत्र धरायचं हे गृहीतक जुनं आहे. आयबीएममधल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली खर्चाच्या हिशोबाने प्लॅन निवडायची रीत मांडली, त्या निबंधातच ते उघड लिहिलेलं आहे. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने दोन कॉलमांचं नातं सांगता येतं. त्यानंतर ‘अ‍ॅनालाइझ’ चालवायला विसरू नको.

दुपारी नोंद सेव्ह होत नाही, ही तुझी दुसरी तक्रार मात्र निराळी. सीपीयू निवांत आणि माणसं खोळंबलेली, ही लॉकची खूण. अडलेलं असतानाच ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ बघ. कुणीतरी ओळ बदलून, ना कमिट ना रोलबॅक करता बसलेला असेल. त्याच्यापुढे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ लिहिलेलं दिसेल. नंतर बघून काही सापडत नाही.

आणि ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ लावलं असेल तर एका वेळच्या नव्हे, एकूण वेळेनुसार क्वेऱ्यांचा क्रम लाव. दोन मिलिसेकंदांची क्वेरी लूपमधून लाखदा गेली तर तीच सगळ्यांत महाग. पवईच्या आयआयटीत एस. सुदर्शन आणि सहकाऱ्यांनी नेमकं यावर काम केलंय: लूपमधल्या सुट्या क्वेऱ्यांची एक एकत्रित क्वेरी प्रोग्रॅमच करून देईल, अशी रीत. २००८ चा त्यांचा निबंध मिळवून वाच. आपल्या मुंबईत झालेलं हे काम आपल्याच मुलांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

घातलेले इंडेक्स तसेच ठेवू नको. प्रत्येक इन्सर्ट त्यांची किंमत मोजतो. कोणता एकदाही वापरला गेला नाही ते बघ आणि काढ. प्रायमरी की आणि युनिक यांना मात्र हात लावू नको.

उत्तरासोबत प्लॅन पूर्ण पाठव, दोन्ही आकड्यांसह. आणि फारकत कुठे सुरू होते, ते आधी तू मला सांग.

तुझा काका