नाताळची रोषणाई आणि कराचा पैसा

ब्रिटनमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून गावोगावच्या मुख्य रस्त्यांवर दिव्यांच्या माळा चढू लागतात. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने 1954 साली ही प्रथा सुरू केली आणि 1959 मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटने तिचा कित्ता गिरवला. लहान शहरांत असे धनाढ्य व्यापारी नसतात. तिथे हा खर्च बहुधा टाउन कौन्सिल, पॅरिश कौन्सिल किंवा त्यांच्या वरची कौन्सिल उचलते. म्हणजे शेवटी तो रहिवाशांच्या कौन्सिल टॅक्समधून भागतो. या खर्चाबद्दल दरवर्षी वाद झडतो आणि त्यात दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंततात. सर्वांच्या पैशाने एका धर्माचा सण साजरा करावा का, हा पहिला. गरजू माणसे दारात उभी असताना शोभेवर पैसा घालवावा का, हा दुसरा. पहिला प्रश्न दिसतो तेवढा अवघड नाही. दुसरा मात्र खरोखरच कठीण आहे.

कायद्याने या खर्चाला आडकाठी नाही. 1972 च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने कौन्सिलांना लोकांच्या करमणुकीवर खर्च करण्याची मुभा दिली आणि 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टने इंग्लंडमधील कौन्सिलांचे हात आणखी मोकळे केले. मात्र मुभा आहे, सक्ती नाही. वृद्धांची देखभाल, निराधार मुलांचा सांभाळ, कचरा उचलणे ही कामे कायद्याने बंधनकारक आहेत, रोषणाई नाही. म्हणून काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावर चालते.

पैसा जातो कशात, हेही पाहायला हवे. एलईडी आल्यापासून विजेचे बिल हा त्यातला किरकोळ भाग उरला आहे. खरा खर्च टांगण्याचा असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या भिंतींत बोल्ट बसवलेले असतात. त्यांच्यामध्ये पोलादी तार ताणायची आणि तिच्यावर माळा सोडायच्या. तत्पूर्वी प्रत्येक बोल्टला ताण देऊन तो टिकतो का, हे तपासावे लागते. दिव्याच्या खांबाला तारा-चांदण्या अडकवायच्या तर वादळी वाऱ्यात तो खांब जादा भार पेलेल का, याची खात्री करून घ्यावी लागते. काम रात्री चालते, त्यासाठी रस्ता बंद ठेवावा लागतो. त्यात विमा आला, जानेवारीत सगळे उतरवणे आले, गोदामाचे भाडे आले. एखाद्याने घरच्या गॅलरीतल्या माळेवरून या खर्चाचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

आता धर्माचा प्रश्न. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के निघाले. हा आकडा निम्म्याखाली जाण्याची ही पहिलीच वेळ. कोणताही धर्म नाही असे 37.2 टक्क्यांनी नोंदवले. मग उरलेल्यांनी नाताळच्या दिव्यांसाठी कर का भरावा? आक्षेप बिनतोड वाटतो, पण दिवे ख्रिस्ती आहेत असे तो गृहीत धरतो. चर्चच्या पंचांगात नाताळ 24 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो. त्याआधीचे सुमारे चार आठवडे आगमनकाळाचे, संयमाचे आणि प्रतीक्षेचे. रस्त्यावरचे दिवे मात्र आगमनकाळ लागण्याच्याही आधी पेटतात आणि चर्चचा नाताळ संपतो न संपतो तोच उतरतात. ते चर्चच्या नव्हे, दुकानांच्या पंचांगाने चालतात. कडव्या प्रोटेस्टंटांना तर हा सणच मान्य नव्हता. 1647 साली प्युरिटन वर्चस्वाखालच्या पार्लमेंटने नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली, आणि स्कॉटलंडमध्ये 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी 1958 पर्यंत नव्हती. ख्रिस्ताशी या झगमगाटाचे नाते इतके पातळ आहे की धार्मिक प्रचार म्हणून त्याला दोषी धरणे कठीण जाते. खरे तर याची खंत भाविकांनी करायची!

सगळ्याच सजावटीला हा न्याय लागू होत नाही. गोठ्यातल्या ख्रिस्तजन्माचा देखावा श्रद्धेचे विधान करतो. चांदणीच्या आकाराचा दिवा तसे काही म्हणत नाही. अमेरिकेत, जिथे धर्म आणि शासन यांच्यात राज्यघटनेनेच भिंत घातली आहे असे मानतात, न्यायालयांना या सीमेवर फार कसरत करावी लागली. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहराने सांताक्लॉजचे घर, झाड आणि रेनडिअर यांच्या सोबतीने असा देखावा मांडला होता. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला मान्यता दिली. पाच वर्षांनी पिट्सबर्गच्या प्रकरणात न्यायालयाच्या इमारतीत एकटाच मांडलेला देखावा घटनाबाह्य ठरला, पण जवळच्याच दुसऱ्या इमारतीबाहेर नाताळच्या झाडाशेजारी उभी केलेली ज्यूंची दीपमाळ चालली. शेजारी काय ठेवले आहे यावर वस्तूचा धर्म ठरवणारी ही कसोटी काहीशी हास्यास्पद आहे. तरी तिच्यामागचा विचार रास्त आहे: पाहणाऱ्याला आपण या शहराचे दुय्यम नागरिक आहोत असे वाटता कामा नये.

इंग्लंडमध्ये अशी भिंत नाही. तिथे चर्च ऑफ इंग्लंड हा राजमान्य पंथ आहे. तरीही डेव्हन परगण्यातील बिडफर्ड टाउन कौन्सिलच्या सभेच्या कामकाजात प्रार्थना म्हणण्यावर उच्च न्यायालयाने 2012 मध्ये हरकत घेतली. आधार होता निव्वळ अधिकाराचा: 1972 च्या कायद्याने कौन्सिलला तसा अधिकार दिलेला नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. 2015 मध्ये स्वतंत्र कायदा करून पार्लमेंटने तो अधिकार देऊन टाकला.

भारतीय राज्यघटनेचे 27 वे कलम या बाबतीत अधिक नेमके आहे. ज्याचे उत्पन्न खास एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी वा जोपासनेसाठी राखून ठेवले आहे, असा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. हज अनुदानाच्या खटल्यात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कराचा मोठा हिस्सा एका धर्माकडे वळवला गेला तरच या कलमाचा भंग होतो. मुंबई-पुण्याच्या महापालिका गणेश विसर्जनासाठी कृत्रिम हौद बांधतात तेव्हा त्या मूर्तीची पूजा करत नसतात. नदी-समुद्राचे पाणी आणि गर्दी सांभाळत असतात. ब्रिटनमधल्या रोषणाईचे स्थान याच्या जवळपासचे आहे. सण लोकांचा, रस्ता कौन्सिलचा.

मात्र ही सवलत एकाच सणाला मिळाली तर तिचा पक्षपात होतो. लेस्टर शहराने हे ओळखले. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर कौन्सिलच्या मदतीने दिवाळीचे दिवे लागतात आणि ते पाहायला हजारोंची गर्दी लोटते. भारतातून आणि पूर्व आफ्रिकेतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या कराचा वाटा त्यांच्या सणाच्या रस्त्यावर उजेड होऊन परततो. उलट टोकाला बर्मिंगहॅमची कथा आहे. 1997 आणि 1998 च्या हिवाळ्यात तिथल्या कौन्सिलने सगळ्या कार्यक्रमांना ‘विंटरव्हल’ असे एकत्रित नाव दिले. त्यात नाताळही होताच, पण कौन्सिलने नाताळचे नावच पुसले अशी आवई उठली आणि वर्षानुवर्षे टिकली. ‘डेली मेल’ने 2011 मध्ये खुलासा छापला, पण अशा खुलाशाला आवईचे पाय नसतात.

उरतो गरजूंचा प्रश्न. यातला सर्वांत धारदार युक्तिवाद खुद्द शुभवर्तमानात आहे. बेथानीत एक स्त्री जटामांसीचे मौल्यवान तेल येशूला लावते. तीनशे दीनारांना विकून ते पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे जवळचे लोक विचारतात. योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रश्न यहूदा इस्कर्योताच्या तोंडी आहे. येशू त्या स्त्रीची बाजू घेतो. रोषणाईचे समर्थक या प्रसंगाचा आधार घेऊ शकतात, पण त्यांनी एक गोष्ट विसरू नये: ते तेल तिचे स्वतःचे होते. कौन्सिलचे तेल करदात्यांचे असते, आणि दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे सोपे असते.

तरी ‘दिवे की म्हाताऱ्यांची देखभाल’ अशी निवड पुष्कळदा खोटी असते. इंग्लंडमध्ये देखभालीची जबाबदारी वरच्या कौन्सिलांची आहे. टाउन आणि पॅरिश कौन्सिलांकडे ती नसते. त्यांनी माळा रद्द केल्याने कोणा आजीला परिचारिका मिळत नाही, फार तर कर थोडा उतरतो. वरच्या कौन्सिलांची गोष्ट निराळी. क्रॉयडनने 2020 मध्ये, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमने 2023 मध्ये कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे खर्चाचा मेळ बसत नाही अशी कबुली दिली. अशा कौन्सिलने दिव्यांवर खर्चलेला प्रत्येक पाउंड कुठल्या तरी बंधनकारक कामातून काढलेला असतो.

तिथे व्यापाऱ्यांनी पुढे यावे हे न्याय्य, कारण गर्दीचा नफा त्यांचा. अडचण अशी की वर्गणी न देणाऱ्या दुकानावरही तोच उजेड पडतो, म्हणून ऐच्छिक वर्गणी हळूहळू आटते. 2003 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये यावर उपाय काढला. एखाद्या भागातील व्यावसायिकांनी बहुमताने ठराव केला तर जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी सर्वांवर जादा आकारणी बसवता येते; बहुमत डोक्यांचेही हवे आणि मालमत्तेच्या करपात्र मूल्याचेही. जिथे अशी व्यवस्था उभी राहू शकते तिथे कौन्सिलने दिव्यांवर पैसा घालू नये. जिथे ती नाही आणि कौन्सिलचे घर सावरलेले आहे, तिथे अंदाजपत्रकात रक्कम उघड मांडून खुशाल रोषणाई करावी, आणि दिवाळीसाठी किंवा ईदसाठी मागणी आली तर ती त्याच मापाने मोजावी.