आधी माती भिजव

परतूर

चि. नातीस,


फोटो मिळाले. मगांवर जोर्वेच्या भांड्यांवरची तिरप्या रेघांची नक्षी, एकावर कापसाचं बोंड, एकावर पिंपळपान. हात तुझा स्वच्छ आहे. पण खाली तू ‘निसर्ग आणि प्राचीन संस्कृतीवरून’ असं लिहिलंस, तिथं मी अडलो. माती पाकिटातली, रंग डबीतला, नक्षी पुस्तकातली. निसर्ग शिरला तो कुठून?

जोर्वे हे संगमनेरजवळचं प्रवरेकाठचं गाव. तिथं १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या तांबड्या भांड्यांना गावाचं नाव मिळालं. छायाचित्रात काळी नक्षी आधी डोळ्यांत भरते. खरी करामत आकारात आहे. पोटावर मध्येच मोडलेला कंगोरा, पसरट तोंड, खांद्यातून निघालेली तोटी. आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा नाद यावा. तोटी वेगळी वळून जोडायची. अंग आणि तोटी सारख्या ओलीत नसतील तर सुकताना सांधा उकलतो. नक्षी उतरवायला तुला एक दुपार लागली असेल. एकदा ती तोटी जोडून बघ, मग त्या कुंभाराची ओळख होईल.

आणि ही भांडी काही शोभेची नव्हती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८पासून तिथं बरीच वर्षं खोदलं, तिथंही हीच भांडी निघाली. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत त्याला निजवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं, अशी त्या लोकांची रीत होती. हे वाचल्यापासून मला मडक्यावरची रेघ नुसती ‘डिझाइन’ म्हणून बघवत नाही.

आता आपल्या मातीचं. परतूरची काळी उन्हाळ्यात कशी भेगाळते ते तू पाहिलंयस. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आक्रसतं. कपाशीला हे मानवतं, कुंभाराला नाही. म्हणून तो गाळाची माती शोधतो, तिच्यात बारीक वाळू, राख, लीद मिसळतो, पायांनी तुडवतो आणि भांडं सावलीत सुकवतो. लीद भाजताना जळून जाते, बारीक छिद्रं ठेवते. माठातलं पाणी गार राहतं त्यात त्या छिद्रांचाही हात असतो. तू दुधना नदीचा गाळ घे. भिजव, गाळून घे, वडी थाप, ओल्या वडीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढ आणि पूर्ण सुकल्यावर मोज. नऊच्या खाली आली तर ती माती एकटीनं भांडं होणार नाही. वाळू वाढवत जा आणि प्रत्येक वडीच्या पाठीवर प्रमाण कोरून ठेव. माझ्या मते तुझ्या पहिल्या प्रदर्शनात या वड्याच मांडाव्यात. लोक हसतील, हसू देत.

प्राचीन म्हणून लांब जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, केळना नदीकाठी भोकरदन. सातवाहनांच्या काळातलं ते भोगवर्धन. १९७३ साली तिथं उत्खनन झालं. सगळे तिथल्या हस्तिदंती मूर्तीचंच कौतुक करतात, कारण तशीच एक इटलीत पोम्पेईला मिळाली होती. माझा जीव मातीच्या बाहुल्यांवर. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्हींत पातळ माती दाबायची आणि अर्धे भाग जोडायचे. आत पोकळी राहते. भरीव जाड गोळ्यात ओल अडकली तर भट्टीत तिची वाफ होते आणि बाहुली फुटते. तुझं बोंड असं साच्यातून काढ. खरं बोंड घे, उकललेलं, करकरीत वाळलेलं.

निसर्गाचं म्हणशील तर गोठ्याच्या तुळईला कुंभारीण माशीनं घरटं केलंय. ओल्या मातीची गोळी तोंडात आणते, काठाला लावते, पातळ करते, पुन्हा उडते. गाडग्यासारखं पोट, वर आखूड मान. आत अंडं घालते, पिलाला खायला अळ्या कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. चाक नाही, थापटी नाही. त्या घरट्याचं चित्र मगावर काढू नकोस. तशा गोळ्या लावत एक भांडं उभं कर.

रंगाची डबीही थोडे दिवस ठेवून दे. मातीतल्या लोहाला भाजताना हवा मिळाली की तांबडं, हवा कोंडून धूर केला की काळं. संक्रांतीची काळी सुगडं अशीच होतात.

दिवाळीत ये तेव्हा जुने कपडे आण. गाळाची दोन पोती मी आणवून ठेवतो. गाढवं आता गावात फारशी दिसत नाहीत, तेव्हा लिदीसाठी एखाद्या घोडेवाल्याला गाठावं लागेल; वरातीच्या घोड्याची मिळाली तरी चालेल. चाळणी मात्र तुझी आण. घरातली दिली तर आजी मला जेवायला वाढणार नाही.

तुझे,
आजोबा