जागा वाढल्या, पदांचे काय?

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १५७ नव्या नर्सिंग महाविद्यालयांची घोषणा झाली. २०१४ नंतर सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच ती उभारायची, प्रत्येकाला दहा कोटी, एकूण खर्च १,५७० कोटी, आणि त्यातून दरवर्षी बी.एस्सी. नर्सिंगच्या सुमारे १५,७०० जागा. निर्णय चांगला आहे, हे आधी मोकळेपणाने म्हटले पाहिजे. परिचारिका वॉर्डात घडते. रुग्णालय शेजारी असलेले महाविद्यालय आणि बाजारपेठेतल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचे महाविद्यालय यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पण दहा कोटींत इमारत होते, वसतिगृह होते, प्रयोगशाळा होते. शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिकांचा पगार, विद्यार्थिनींचे विद्यावेतन आणि शिकून बाहेर पडलेल्या मुलीला लागणारे मंजूर पद हा सगळा वर्षानुवर्षे चालणारा खर्च आहे, आणि नेमका तोच करायला आपली सरकारे कचरतात. माझे म्हणणे एवढेच की नर्सिंगच्या शिक्षणावरचा पैसा आणि नर्सिंगच्या नोकरीवरचा पैसा हे दोन वेगवेगळ्या खात्यांचे विषय मानले, तर दोन्हीकडचा पैसा वाया जातो.

तुटवडा नवा नाही. आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सुमारे सात हजार परिचारिका असल्याची नोंद आहे. म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. तिथून आपण पुष्कळ पुढे आलो. २०२२ मध्ये नोंदणीकृत परिचारिकांची संख्या ३३ लाखांच्या वर गेली होती आणि हजार लोकसंख्येमागे १.९६ असे प्रमाण सरकारने संसदेत सांगितले होते. ते तीन असावे अशी अपेक्षा धरली जाते. मात्र हा आकडा नोंदवहीतला आहे. लग्नानंतर काम सोडलेली, आखातात किंवा इंग्लंडात गेलेली, निवृत्त झालेली अशा पुष्कळ जणींची नावे राज्यांच्या नर्सिंग परिषदांच्या नोंदवह्यांत राहून गेलेली असतात. प्रत्यक्ष ड्यूटीवर किती जणी आहेत, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

उलट एक विचित्र चित्र दिसते. सरकारी रुग्णालयांत पदे रिकामी, आणि त्याच जिल्ह्यात जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका घेतलेल्या मुली एखाद्या छोट्या खासगी रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास उभ्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने सांगितले होते की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना वीस हजारांहून कमी पगार नसावा आणि दोनशेहून अधिक खाटा असतील, तर सरकारी परिचारिकेइतका असावा. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी वीस हजारांच्या आत राबणाऱ्या सिस्टर कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतात. याला मनुष्यबळाचा तुटवडा म्हणणे मला पटत नाही. हा पगाराचा आणि पदांचा तुटवडा आहे.

शिक्षणाचा भार कुणावर आहे ते पाहा. देशातल्या पाच हजारांवर नर्सिंग संस्थांपैकी सरकारी संस्था २०२३ मध्ये साडेसातशेच्याही आत होत्या. म्हणजे बहुसंख्य मुलींचे शिक्षण घरच्यांच्या पैशावर होते. या मुली फार करून श्रीमंत घरांतल्या नसतात. बाप शेतकरी, कुणाची आई अंगणवाडीत मदतनीस, कुणाचा भाऊ रिक्षा चालवतो. मुलगी लवकर पायावर उभी राहील या भरवशावर कर्ज काढले जाते. पुढे तिच्या हातात जो पगार पडतो, त्यातून हप्ताही धड भागत नाही. मग ती परदेशाचा अर्ज भरते किंवा घरी बसते. दोन्ही वेळी आपण तिला दोष देत नाही, पण तिच्या शिक्षणात आपण काहीच घातले नव्हते हेही आठवत नाही.

महाराष्ट्राला याहून चांगली रीत ठाऊक होती. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले, आणि तिथल्या स्त्रिया, त्यांत कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या पुरुषांच्या जखमा धुण्याचे काम चांगल्या घरच्या बाईने करायचे, या कल्पनेनेच त्या काळी समाज बिथरत होता. रमाबाईंनी नुसता उपदेश केला असता, तर किती जणी आल्या असत्या? राहायला सुरक्षित जागा, शिकण्याची सोय, पाठीशी संस्था आणि पुढे हाती येणारे मानाचे काम हे सगळे एकत्र मिळाले, म्हणून त्या आल्या. सेवावृत्तीचे गोडवे गाताना हा भाग आपण नेहमी गाळतो. सेवेची इच्छा पुष्कळ मुलींना असते. तिला आधार लागतो तो पैशाचा.

हा आधार काढून घेतला की काय होते, ते इंग्लंडने पाहिले आहे. तिथे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यावेतन मिळे आणि शुल्कही सरकार भरी. २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद करून कर्जाची पद्धत आणली. युक्तिवाद असा की विद्यावेतनाचा खर्च वाचला, तर जागा वाढवता येतील. त्याच वर्षी अर्ज वीस टक्क्यांहून अधिक घटले, आणि वयाने मोठ्या, संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्या अर्जदारांवर त्याचा जास्त परिणाम झाला. अखेर २०२० पासून वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. मधल्या काळातली उणीव कुणी भरून काढली? मोठ्या प्रमाणावर भारतीय परिचारिकांनी. केरळातल्या, पंजाबातल्या आणि आपल्याकडच्याही कुटुंबांनी कर्ज काढून दिलेल्या शिक्षणावर तिथले वॉर्ड चालले.

आपल्याकडे जागा वाढवण्याच्या घाईत शिकवणाऱ्यांचा विचार सर्वांत मागे राहतो. बी.एस्सी. नर्सिंगला दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, असा निकष आहे. कागदावर तो सगळीकडे पाळलेला दिसतो. पण मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाला नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावी लागली, आणि मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून त्या विभागाने आपल्याच तपास अधिकाऱ्यांना अटक केली. अशा व्यवस्थेतून प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलगी रात्रपाळीला अतिदक्षता विभागात एकटी उभी राहते, तेव्हा धोका रुग्णालाही असतो आणि तिलाही. इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली शिकणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. पण इन्चार्जकडेच चाळीस रुग्ण असतील, तर ती शिकवणार कधी? विद्यार्थिनी मग मोफतचे मनुष्यबळ म्हणून वापरली जाते.

पदांच्या बाबतीत राज्य सरकारचा व्यवहार मला सर्वांत जास्त खटकतो. सरकारी नर्सिंग शाळांतून शिकलेल्या कितीतरी जणींनी ‘बंधपत्रित अधिपरिचारिका’ म्हणून वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर काम केले. मे २०२२ मध्ये खासगी कंपनीमार्फत कंत्राटी भरती नको म्हणून महाराष्ट्रातल्या परिचारिका संपावर गेल्या. जुलै २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला. वॉर्ड सोडून रस्त्यावर येणे या बायकांना सोपे नसते. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषाप्रमाणे सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आपल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री दहानंतर जाऊन पाहावे.

इतका पगारखर्च राज्याला झेपेल कसा, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण उत्तर देताना परिचारिका कमी ठेवण्याची किंमतही मोजली पाहिजे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या महिन्याभरातल्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये परिचारिका-रुग्ण प्रमाण कायद्याने ठरवले. नंतरच्या अभ्यासात मृत्यू घटले, रुग्ण लवकर घरी गेले, पुन्हा दाखल होणारे कमी झाले, आणि वाचलेला पैसा वाढीव पगारखर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. आपली रुग्णालये तिथल्यासारखी नाहीत, हे खरे. पण लवकर बरा होऊन मजुरीवर परतणारा रुग्ण आपल्याकडे तर अधिकच मोलाचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत आणि त्यांच्या जर्मन भाषेच्या शिक्षणाचा खर्च शासन उचलणार आहे. कुणाही मुलीने परदेशी जाऊन चांगले आयुष्य मिळवावे. तिला अडवण्याचा हक्क कुणालाच नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता मनुष्यबळ घेणाऱ्या देशांनी पाठवणाऱ्या देशांच्या आरोग्यव्यवस्थेला हातभार लावावा असे सांगते. करारात आपण ते मागू शकतो: इथल्या सरकारी नर्सिंग महाविद्यालयांसाठी शिक्षक, साधने, विद्यावेतनाचा वाटा. आणि जर्मन शिकवायला तिजोरीत पैसा असेल, तर गडचिरोलीच्या आणि नंदुरबारच्या रुग्णालयांतल्या रिकाम्या पदांसाठीही तो निघाला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात नर्सिंग महाविद्यालयाचे भूमिपूजन होईल, तेव्हा वाचकांनी आपल्या आमदारांना लेखी विचारावे: या महाविद्यालयासोबत पाठ्यनिर्देशिकांची किती कायम पदे मंजूर झाली, विद्यार्थिनींना विद्यावेतन किती मिळणार, आणि पहिली तुकडी बाहेर पडेल तेव्हा जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिकांची किती पदे भरली जाणार? ही उत्तरे शासन निर्णयात छापलेली मागा.