भूतदया आणि अंतर

जेवणापूर्वी कावळ्यासाठी घास काढून ठेवणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मुक्या जिवाला अन्न देणे हे पुण्यकर्म आहे, हे निराळे शिकवावे लागत नाही. गाईला घास, मुंग्यांना साखर, घाटात गाडी थांबली की माकडांना फुटाणे, अशा संस्कारांतच आमची भूतदया वाढली. देणे ही दया आणि न देणे ही निष्ठुरता, हे समीकरण आम्ही कधी तपासून पाहिले नव्हते. ते तपासण्याची वेळ आली ती परदेशातील एका अरण्यात, आणि तीही एका केळ्यामुळे.

केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकुनाने हौसेखातर परदेशी जावे, हा सहकाऱ्यांच्या थट्टेचा विषय असतो. तरीही शिल्लक रजा, शिल्लक पैसा आणि खात्याची रीतसर परवानगी यांचा योग गतवर्षी जुळून आला आणि आम्ही सपत्नीक सुमात्रा बेटावर गेलो. मेदान शहरापासून मोटारीने तीन-चार तासांच्या वाटेवर, नदीकाठी बुकित लावांग नावाचे गाव आहे. वाटेत दुतर्फा तेलताडाचे मळेच मळे लागतात, आणि नदीपलीकडे एकदम अरण्य उभे राहते. हे गुनुंग लेउसेरचे राष्ट्रीय उद्यान. युनेस्कोने सुमात्रातील ज्या वर्षावनांना २००४ साली जागतिक वारशाचा मान दिला आणि २०११ साली ज्यांची नोंद संकटग्रस्त वारशांच्या यादीत केली, त्यांपैकी हे एक. येथे वाटाड्याला बरोबर घेऊन एक रात्र रानात काढता येते.

प्रवासी येतात ते ओरांगउटानसाठी. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे वन. आपला ‘वनमानुष’ हा शब्द त्याला तंतोतंत जुळतो. लोकांनी घरी पाळलेले ओरांगउटान सोडवून त्यांना पुन्हा रानात राहण्यास शिकविणारे केंद्र येथे १९७३ साली सुरू झाले होते. त्या सुटलेल्यांपैकी काही व त्यांची संतती या भागात वावरते. माणसाचे भय त्यांना फारसे उरलेले नाही.

म्हणूनच येथील नियम कडक आहेत. दहा मीटरांचे अंतर राखावे, स्पर्श करू नये, खाऊ घालू नये. माणसाचे साधे पडसेही त्यांना बाधू शकते. आणि फळाच्या आशेने खाली उतरणारा प्राणी रान सोडून माणसाच्या मागे लागतो. या जातीची मादी दोन पिलांमध्ये सात ते नऊ वर्षांचे अंतर ठेवते, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमात्री ओरांगउटानची एकूण संख्या चौदा हजारांच्या थोडी वर होती. एकेक जीव गेला तरी भरून येण्यास किती काळ लागेल, याचा हिशेब कोणीही करू शकेल.

हे नियम आमच्या वाटाड्यानेच आम्हांस निघताना समजावून दिले होते. नंतर तीन तास मुळांना धरून चढ चढलो, घामाने निथळलो, पण काहीच दिसले नाही. आमचा हिरमोड त्याच्या ध्यानी आला असावा. त्याने झोळीतून केळे काढले आणि हलकेच साद घातली. फांद्या हलल्या आणि पोटाशी पिलू धरलेली मादी चार हातांवर येऊन बसली. तिची नखे अगदी आपल्यासारखी! सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही छायाचित्र घेतले. दहा मीटर कोणालाही आठवले नाहीत. निदान बोलून कोणी दाखविले नाहीत.

रात्री नदीकाठी ताडपत्रीच्या निवाऱ्यात त्यानेच भात-कालवण रांधले, आगकाड्यांची कोडी घातली. मग आम्ही भीत भीत विषय काढला. तो रागावला नाही. म्हणाला, “साहेब, इतक्या लांबून आलेला पाहुणा काही न पाहता परतला, तर पुढचा पाहुणा दुसऱ्या वाटाड्याकडे जातो. मला दोन मुले आहेत.”

यावर आम्ही काय बोलणार? कचेरीत एवढी वर्षे काढल्यावर हे आम्हांस नवे नव्हते. नियमभंगाचा शेरा नेहमी शेवटच्या हाताच्या नावावर पडतो. तो हात ज्याच्या इच्छेने हलला, त्याचे नाव टिपणीत येत नाही. केळे वाटाड्याने दिले खरे, पण ते आमच्या हिरमोडाने मागितले होते आणि आमच्या बक्षिशीने विकत घेतले होते. आजीच्या घासाने कावळ्याकडून काही मागितले नव्हते. आम्ही मात्र केळ्याच्या मोबदल्यात जवळीक घेतली. तो सौदा होता, दया नव्हे.

मग अशा रानात जाऊच नये काय? तेही उत्तर आम्हांस सोपे वाटले नाही. रान उभे राहिल्याने ज्यांची चूल पेटते, तेच त्याचे पहिले रखवालदार. त्यांची चूल विझली, तर नदीअलीकडचे तेलताड पलीकडे जाण्यास किती वेळ लागेल?

पहाटे आम्ही वाटाड्यास एवढेच सांगितले की, काही दिसो वा न दिसो, बक्षीस ठरल्यापेक्षा कमी होणार नाही. झोळी मात्र उघडू नये. तो क्षणभर पाहत राहिला आणि हसला. त्या दिवशी त्याची खरी विद्या आम्हांस कळली. आदल्या संध्याकाळी रचलेले पानांचे घरटे त्याने दाखविले, उष्टावून टाकलेल्या साली ओळखल्या, थांबून कान दिला. दुपारी फार उंच शेंड्यावर एक तांबूस आकृती दिसली. तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि ती पानांआड गेली. अंतर राखणे हेही देणेच आहे, हे तेव्हा उमगले.

पहिल्या दिवसाच्या छायाचित्राचे घरी येणारे सर्वजण कौतुक करतात. दुसऱ्या दिवसाच्या चित्रात नुसती पाने आहेत. कौतुक झाले की ते केळे आमच्या पैशाचे होते, हे आम्ही सांगतो. सांगताना जड जाते; पण सांगतो.