कीर्तनाचे मोल आणि मृदंगाची मजुरी

आषाढी जवळ आली की वारीच्या निमित्ताने किती पैसा फिरतो याची चर्चा सुरू होते. पंढरपुरात काय विकले गेले, वाटेवरच्या गावांत किती खप झाला, किती हातांना काम मिळाले, हे मोठ्या हौसेने सांगितले जाते. सांप्रत कला आणि संस्कृती यांनाही 'क्षेत्र' म्हणण्याची रीत पडली आहे. क्षेत्र म्हटले की आम्हाला पंढरी आठवते, फार तर गीतेच्या तेराव्या अध्यायातला क्षेत्रज्ञ. पण इथे अर्थ वेगळा. साखरेचे क्षेत्र, सुताचे क्षेत्र, तसे हे भजन-कीर्तनाचे, वाद्यांचे, यात्रेचे क्षेत्र; त्यातून रोजगार निघतो, म्हणून ते जतन करावे, असा हा विचार आहे. आपल्यातले काही जण हे ऐकून सुखावतात. काही कानांवर हात ठेवतात, 'शिव शिव, नामाला भाव लावता काय!' म्हणतात. माझे दोघांशीही थोडे भांडण आहे.

आधी कानांवर हात ठेवणाऱ्यांशी. सप्ताहात जी वीणा खाली न टेकवता पहाऱ्या-पहाऱ्याने गळ्यातून गळ्यात जाते, ती आली कुठून? तिचा भोपळा भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या मळ्यांत होतो. खायला कडू, जनावरसुद्धा तोंड लावीत नाही. तो वाळवून मिरजेला जातो. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. राज्ये गेली, तलवारी म्यानात राहिल्या, तेव्हा या मुसलमान घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तेच हात तंबोऱ्याकडे वळविले. तुणीचे लाकूड कोरायचे, भोपळ्याला जोडायचे, घोडी अशी घासायची की तारेतून जवार निघाली पाहिजे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कसबाबद्दल. म्हणजे बघा, भीमाकाठचा भोपळा मिरजेला जाऊन नाद घेऊन पुन्हा भीमाकाठी येतो, आणि त्या वाटेवर शेतकरी, सुतार, तारवाला, दुकानदार, सगळ्यांची चूल पेटते. यात अमंगळ ते काय आहे?

माळेचेही तसेच. आपण माळ घातली म्हणजे वारकरी झालो असे म्हणतो. पण ती माळ कुणीतरी केलेली असते. पंढरपुरातली काशीकापडी समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आली आहेत. आसपासच्या रानांतून तुळशीची वाळलेली झुडपे आणायची, काड्या तोडायच्या, मणी कातायचे, बारीक भोक पाडायचे आणि ओवायचे. घरातली म्हातारी, सून, मुले सगळी त्यात. एकेक मणी हातातून गेल्याशिवाय एकशे आठ होत नाहीत. मग बुक्का आहे, कुंकू आहे, चुरमुरे आणि बत्तासे आहेत, बायाबापड्या हौसेने भरतात त्या बांगड्या आहेत, कार्तिकीला वाखरीचा जनावरांचा बाजार आहे. हे सगळे हिशेबात धरणारा माणूस खोटे बोलत नाही. उलट आपण धरीत नाही, हीच आपली चूक म्हणावी लागेल.

आता सुखावणाऱ्यांशी. 'वारीमुळे इतका व्यापार होतो, म्हणून वारी मोलाची' असे एकदा म्हटले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या वर्षी व्यापार बसला, त्या वर्षी वारीचे मोल उतरले काय? दुष्काळी वर्षी वारकरी घरची भाकरी बांधून येतो, माळ जुनीच चालवितो, परतताना चुरमुऱ्याची एक पुडी नेतो. त्याची एकादशी उणी झाली का? हे नुसते तर्कट नव्हे. याची परीक्षा आपण डोळ्यांनी पाहिली आहे. १ जुलै २०२० ची आषाढी आठवा. महामारीमुळे पायी सोहळा नाही, संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीला गेल्या, गावात संचारबंदी, वाळवंट ओस. २०२१ सालीही पायी वारी झाली नाही. व्यापार म्हणाल तर शून्य. तरी ज्याने त्याने आपापल्या गावी, आपापल्या दारात तुळशीपुढे उभे राहून हरिपाठ म्हटला, उपवास केला, आणि २०२२ साली पाऊल पुन्हा वाटेला लागले. वारी बाजारावाचून तगली. बाजार मात्र वारीवाचून तगला नाही. माळा ओवणाऱ्या घरांत माळांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. मृदंग शिकविणाऱ्याचे सप्ताह गेले, गायकाचे गेले, मंडपवाल्याचे गेले.

व्याकरण शिकणाऱ्याला ठाऊक असते की पाणिनीने 'मूल्य' हा शब्द 'मूल' यापासून सिद्ध केला आहे. मूळ म्हणजे भांडवल. त्याच्या बरोबरीचे ते मूल्य, किंवा त्या मुळाच्या जोरावर जे हाती येते ते मूल्य. मूळ आधी, मूल्य मागाहून. वारीच्या बाबतीत मूळ म्हणजे ते चालणारे पाऊल. उलाढालीने पाऊल चालत नाही. आकडे मांडणाऱ्याने हा क्रम उलटा केला की गाडी बैलापुढे जुंपली जाते.

इतके झाल्यावर 'जिंकलो' म्हणून टाळ्या पिटू नयेत. बाजार आपल्यावर अवलंबून आहे, आपण त्याच्यावर नाही, याचा अर्थ आपण मोठे असा होत नाही. जो आपल्यावर अवलंबून, त्याचे आपण देणे लागतो. घरातले पोर आईवर अवलंबून असते, त्यात आईला मिरवायचे काय आहे? आणि इथेच खरा अवघड प्रश्न उभा राहतो, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो: कीर्तनाचे द्रव्य घ्यावे की नाही, आणि न घेणाऱ्याने दुसऱ्याच्या द्रव्याचे काय करावे?

तुकोबांची आज्ञा स्वच्छ आहे. कीर्तन करावे तिथे जेवू नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, बसून आलेल्या जनावराला दाणावैरणही मागू नये. आणि द्रव्य घेणारा व देणारा या दोघांनाही त्यांनी एकाच पंगतीला बसविले आहे, ती पंगत कुठली ते सांगायला नको. दाणावैरण म्हणजे आजच्या भाषेत गाडीभाडे. ही आज्ञा सैल करून सांगण्याचा अधिकार माझा नाही, आणि 'काळ बदलला' म्हणून कुणी सैल करू पाहील तर ते मला पटणार नाही. मात्र एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. मला शाळेत संस्कृत शिकविल्याचे निवृत्तिवेतन आहे. माझी चूल त्यावर पेटते, म्हणून मला ही आज्ञा पाळणे सोपे जाते. संतांचेही तसेच होते. गोरोबा मडकी करीत, सावतोबा मळा करीत, नामदेवराय शिंप्याच्या घरचे, नरहरी सोनार दागिने घडवीत. त्यांनी मडके विकले, भाजी विकली, दागिना विकला. अभंग विकला नाही. पोट एका बाजूला आणि नाम एका बाजूला, अशी सोय त्यांच्या धंद्याने करून दिली होती. ज्याला दीड एकर कोरडवाहू आहे आणि जो वर्षातले आठ महिने सप्ताहांत असतो, त्याची ही सोय कुणी केली आहे?

जोगमहाराजांना हा प्रश्न दिसला असला पाहिजे. १९१७ साली आळंदीला त्यांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, ती शिकणाऱ्याकडून फी न घेता. पोरे माधुकरी मागून शिकत. विद्या फुकट दिली की पुढे ती फुकट वाहील, हा त्यामागचा विचार. तो विचार मोठा आहे. पण माधुकरी घालायला आळंदीची घरे उघडी होती, हेही त्यातच आले. समाजाने पोट सांभाळले म्हणून विद्या निर्लोभ राहिली.

आमच्या संस्कृत अभ्यासात 'मालविकाग्निमित्र' होते. त्यात कालिदासाने राजाच्या दोन नाट्याचार्यांचे भांडण रंगविले आहे. त्यांतला गणदास म्हणतो, की ज्याची विद्या केवळ उपजीविकेसाठी आहे, त्याला लोक ज्ञानाचा वाणी समजतात. हे वचन कीर्तनाचे पैसे घेणाऱ्यांच्या तोंडावर फेकताना मी अनेकांना पाहिले आहे. पण दोन गोष्टी ते विसरतात. एक, बोलणारा गणदास स्वतः राजाचे वेतन खातो; त्याच प्रसंगात विदूषक त्या वेतनावरून टोमणाही मारतो. दुसरी, वचनात 'केवळ' हा शब्द आहे. विद्येने पोट भरले तर दोष नाही. पोट भरणे एवढेच विद्येचे प्रयोजन उरले, तर दोष. धर्मशास्त्रकारांनीही हाच धागा धरला. पगार ठरवून वेद शिकविणे त्यांनी पातकांत घातले, पण शिकून झाल्यावर शिष्याने दिलेली दक्षिणा कधी निषिद्ध मानली नाही. आधी ठरविली ती भृती, मागाहून आली ती दक्षिणा. रुपये तेच असतील, पण एकीत बोलणाऱ्याची जीभ आधीच बांधली गेली, दुसरीत ती मोकळी राहिली. आता तुकोबांची आज्ञा आणि शास्त्राची ही सवलत यांत अंतर आहे. ते बुजविण्याचा खटाटोप मी करीत नाही. ज्याला जमेल त्याने तुकोबांचे ऐकावे. ज्याला जमत नाही त्याने निदान भृतीच्या पायरीवर तरी उतरू नये. तारखेआधी आकडा सांगायचा, अर्धे आगाऊ घ्यायचे, आणि मग व्यासपीठावरून निर्लोभतेवर निरूपण करायचे, हे काही केल्या बसत नाही. श्रोते हसतात, आणि त्यांनी हसावेच.

पण हा सगळा नियम झाला बोलणाऱ्यापुरता. मागे उभा असलेला मृदंगाचार्य? चाली म्हणणारा गायक? त्यांच्याबद्दल आपण फार सोयीस्कर धर्म शोधून काढला आहे. बुवांनी सांगितले 'मी घेत नाही', की कमिटीही म्हणते, मग बाकीच्यांना नारळ आणि उपरणे पुरे. अहो, त्यागाचे व्रत बुवांनी घेतले, मृदंगवाल्याच्या लेकरांनी नव्हे. चरित्रकार सांगतात ती गोष्ट आठवा. तुकोबांनी घरची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. पण सगळी नव्हेत. आधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा काढून त्याच्या हाती दिला, आणि बुडविला तो आपला अर्धा. ही गोष्ट आपण वैराग्याची म्हणून सांगतो. मला ती न्यायाचीही वाटते. आपल्या हक्काचे सोडणे हा त्याग. भावाच्या हक्काचे सोडणे हा त्याग नव्हे, त्याला दुसरे नाव आहे. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम जाते, ध्वनिवर्धकवाल्याशी घासाघीस होऊन का होईना पण पावती फाटते, आचाऱ्याला मजुरी मिळते. आठ दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत बोटे सुजवून घेणाऱ्याला मात्र आपण 'ही सेवा आहे' असे सांगतो. सेवा आहे हे खरे, पण ते त्याने म्हणायचे. आपण नव्हे.

मृदंगावरून आणखी एक सांगतो, बरं का. त्याच्या एका तोंडाला शाई, दुसऱ्याला कणीक, मध्ये वादी आणि गट्टे. पावसात पुडी सैल पडते, आणि आपली आषाढीची वारी तर पावसातलीच. पुडी फुटली की ती बदलणारा हात हवा, आणि त्याच्याही आधी कातडे कमावणारा हात हवा. मृदंग देवापुढे शतकानुशतके वाजला. ज्यांच्या हातांनी कातडे कमावले, त्यांना मात्र पंढरीचे दार १९४७ सालापर्यंत बंद होते. साने गुरुजींना त्यासाठी उपोषणाला बसावे लागले. वस्तू आत आणि माणूस बाहेर, ही तऱ्हा आपल्या अंगवळणी पडली होती. आज दार उघडे आहे. पण वस्तू घ्यायची आणि करणाऱ्याकडे बघायचे नाही, ही सवय गेली असे मला म्हणवत नाही. टाळ घासाघीस करून घेतो, मग त्याच टाळावर 'अवघे समान' गातो.

सरकारने २०२४ साली आषाढीच्या दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचे जाहीर केले, तेव्हा घ्यावे की न घ्यावे यावर बोलणी झाली. दिंडीचा कणा भिशी आहे. चालणाऱ्याने आपला वाटा घालून चालावे ही जुनी रीत, आणि ती मोडू नये असे माझे मत आहे. पण ज्या दिंडीने ते घेतले तिला मी नावे ठेवणार नाही. तिने ते मंडप वाढविण्यात घातले की पखवाजवाल्याची आणि विणेकऱ्याची सोय करण्यात, एवढेच मी विचारीन.

आणि सप्ताह कमिट्यांना एक विनंती. वर्गणीच्या वहीत मंडप, ध्वनिवर्धक, किराणा, आचारी असे रकाने असतात. त्यांत एक रकाना वादक-गायकांचा आखावा, आणि तो काल्याच्या दिवशी उरले-सुरले बघून न भरता वर्गणी फिरवायला निघतानाच भरावा. रक्कम पाकिटात घालून, दहीहंडी फुटण्याआधी, वडीलधाऱ्या माणसाच्या हस्ते द्यावी. बुवांचा रकाना कोरा राहिला तरी चालेल.